पहिल्या पगारापासून घराच्या चावीपर्यंत

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त तरुणांसाठी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला धम्मावर आणि चळवळीवर बोलणारे मोठे वक्ते आपल्याकडे येतात, येत राहतील. आम्हाला समितीने विषय दिला तो मात्र रोजच्या भाकरीच्या शेजारचा आहे. नोकरी करता करता, शिकता शिकता, कमी वयात स्वतःचे घर कसे उभे करायचे? आम्ही बरीच वर्षे बँकेच्या कर्ज विभागात टेबलामागे बसून काढली. टेबलाच्या त्या बाजूला आपलीच माणसे येऊन बसत. कोणी पंचविशीत येई, कोणी पन्नाशीत. दोघांचा अर्ज एकच, कागद तेच, पण दोघांच्या चेहऱ्यात फार फरक असे. तो फरक वयाचा होता, आणि आजचे बोलणे त्याच्यावरच आहे.

आपल्या वस्तीतली घरे डोळ्यांपुढे आणा. आजोबा गावाहून आले, रेल्वेत, गोदीत, गिरणीत, नाहीतर महापालिकेत लागले. वडिलांना नोकरी मिळाली, नोकरीबरोबर क्वार्टर मिळाले. त्या खोलीत पाळणे हलले, बाबासाहेबांचा फोटो लागला, मुले दहावी-बारावी झाली. तीस-पस्तीस वर्षे राहिल्यावर ती खोली आपलीच वाटू लागते. पण ती आपली नसते. वडील निवृत्त होतात आणि काही महिन्यांत खोली रिकामी करा असा कागद येतो. हातात फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे असतात, पण त्याच वर्षी मुलीचे लग्न निघते, गावच्या घराचे पत्रे बदलायचे असतात, कोणाचे तरी ऑपरेशन असते. वर्षभरात पैसे संपतात आणि साठीचा माणूस भाड्याची खोली शोधत फिरतो.

आणि भाड्याची खोली म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. फोनवर खोली रिकामी असते. समोर गेलो की आधी आडनाव विचारतात. आडनाव सांगितले की "आत्ताच दिली हो" म्हणतात, आणि "भाड्याने देणे आहे" ही पाटी पुढे आठवडाभर तशीच लटकते. म्हणून आपल्या समाजात स्वतःच्या घराला नुसती पैशांची किंमत नाही. ज्या दारावर आपल्या नावाची पाटी आहे, त्या दारात उभे राहून आपल्याला आडनाव विचारणारा कोणी नसतो.

आता एक शंका. ज्येष्ठ उपासक नेहमी विचारतात आणि बरोबरच विचारतात. भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यात एक अनणसुख आहे, म्हणजे ऋण नसण्याचे सुख. मग विहारातच कर्ज काढायला कसे सांगता?

शंका योग्य आहे. म्हणूनच कर्जाकर्जातला भेद समजून घेऊ. एक कर्ज खाऊन संपते: मांडवाचे, मोबाईलचे, हप्त्यावरच्या गाडीचे, खाजगी सावकाराचे. ते संपते तेव्हा हातात काही उरत नाही. दुसरे कर्ज फिटते तेव्हा मागे काहीतरी राहते: डिग्री, हत्यार, घर. अनणसुख मिळवायचे तर पहिल्या कर्जाच्या वाटेला जायचे नाही, आणि दुसरे इतक्या लवकर घ्यायचे की तरुणपणीच फिटेल. साठीला कर्जमुक्त व्हायचे असेल तर सुरुवात पंचविशीच्या आसपास झाली पाहिजे.

सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार वाटे सांगितले आहेत. एक वाटा उपभोगाला, दोन वाटे कामधंद्यात, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. नोकरदाराला दुकान नाही, पण शिक्षण आणि घर हाच त्याचा धंदा समजा. चोवीस हजार पगार असेल तर सहा हजार खर्चाला, बारा हजार शिक्षण आणि घराच्या पैशाला, सहा हजार संकटाला. तंतोतंत जमणार नाही, घरात आईच्या हातावरही ठेवावे लागते. पण दिशा तीच ठेवा.

आणि बाबासाहेबांचे उदाहरण बघा. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये, त्या काळात मोठी रक्कम. तरी बिऱ्हाड परळच्या चाळीतच ठेवले, काटकसर केली, आणि १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. त्या खर्चात स्वतःची शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती, आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्जही होते. काम, शिल्लक, शिक्षण आणि विचारपूर्वक घेतलेले कर्ज, या चारही गोष्टी त्यात आहेत. पुढे दादरला राजगृह उभे राहिले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. क्रम लक्षात ठेवा: आधी विद्या, मग वास्तू.

आता वयाप्रमाणे सांगतो.

अठरा ते बावीस, हा हात तयार करण्याचा काळ. नुसत्या बी.ए.च्या कागदावर बँक कर्ज देत नाही, ती पगाराची पावती बघते. म्हणून शिक्षणाला कामाची जोड हवी. आय.टी.आय. करा, डिप्लोमा करा, नर्सिंग करा, अकाउंट्सचे काम शिका. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना आजही अनेक कॉलेजांत आहे, तिची लाज बाळगू नका. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. बँक, रेल्वे, पोलीस भरतीच्या तयारीसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेचे प्रशिक्षण आहे. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र याच वयात काढून ठेवा. पुढे नोकरीला लागते आणि घरालाही लागते, ते कसे हे पुढे सांगतो.

शैक्षणिक कर्ज घेतले असेल तर नोकरी लागताच त्याचा हप्ता वेळेवर सुरू करा. पुष्कळ मुलांना वाटते, सरकारी बँकेचे आहे, बघू पुढे. पण आज प्रत्येक कर्जाची नोंद सिबिलसारख्या संस्थांकडे होते. तीनशे ते नऊशेच्या दरम्यान गुण मिळतात आणि साडेसातशेच्या वर असेल तर बँकेचा माणूस नीट बोलतो. चुकवलेला हप्ता तिथे वर्षानुवर्षे दिसतो. स्वतःचा अहवाल वर्षातून एकदा फुकट बघता येतो. तो बघत जा.

बावीस ते सव्वीस, हा शिल्लक टाकण्याचा काळ. ही चार वर्षे सर्वांत मोलाची आणि हीच आपण सर्वांत जास्त उधळतो. नवा पगार, नवे मित्र, नवी गाडी, जयंतीची वर्गणी, वाढदिवसाचे बॅनर. हौस करा, पण पगार झाला की दुसऱ्या दिवशी आवर्ती ठेवीचा हप्ता खात्यातून आपोआप कापला गेला पाहिजे. महिना दहा हजार चार वर्षे टाकले तर व्याजासकट साधारण साडेपाच लाख होतात. भिशी लावू नका असे आम्ही म्हणत नाही, पण भिशीची पावती बँक मानत नाही, आणि भिशी चालवणारा गाव सोडून गेला तर दाद कुठे मागणार?

साडेपाच लाख कशाला लागतात, तो हिशोब आता मांडू. समजा कल्याणच्या पुढे कुठेतरी बावीस लाखांचे लहान घर बघितले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज तीस लाखांपर्यंतचे असेल तर बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के देऊ शकते. पण पूर्ण नव्वद टक्के घेऊ नये. अठरा लाख कर्ज आणि चार लाख स्वतःचे, असे धरू. त्यावर मुद्रांक शुल्क. आपल्या पट्ट्यात ते ठिकाणाप्रमाणे सहा-सात टक्के पडते. नोंदणी शुल्क एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. म्हणजे आणखी दीड-पावणेदोन लाख. वकील, बँकेची फी, सोसायटीचे पैसे वेगळे. बिल्डरकडून बांधकाम चालू असलेले घर घेतले तर वर जी.एस.टी. सगळे मिळून सहा लाखांच्या आसपास हातात लागतात, आणि ते बँक देत नाही. हे आधी न कळल्यामुळे किती जण घर ठरवून, बयाणा देऊन, शेवटी सावकाराच्या दारात गेले!

इथे एक गोष्ट भगिनींसाठी. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आपल्या उदाहरणात बावीस हजार रुपये वाचतात. पण बावीस हजारांपेक्षा मोठी गोष्ट ही की घरावर बाईचे नाव लागते. ज्या घरात मुलगी कमावते, तिथे तिच्या लग्नासाठी दागिने जमवण्याऐवजी तिच्या नावाने घर का जमवू नये?

आता हप्ता. व्याजदर वर-खाली होतो, हिशोबासाठी साडेआठ टक्के धरू. अठरा लाखांचे वीस वर्षांचे कर्ज, तर महिन्याचा हप्ता सुमारे १५,६२१ रुपये. सव्वीस वर्षांच्या मुलाला बँक वीस वर्षे सहज देते. तेच कर्ज पंचेचाळीस वर्षांच्या वडिलांनी काढले आणि अठ्ठावन्नला निवृत्ती असेल, तर तेरा वर्षेच मिळतात. हप्ता १९,१०० होतो. पन्नासाव्या वर्षी काढले तर आठ वर्षे, हप्ता जवळजवळ २५,९००. घर तेच, कर्ज तेच. फक्त वय वाढले म्हणून महिना दहा हजार जास्त. सुरुवातीला चेहऱ्यांतला फरक म्हणालो, तो हा.

पण वीस वर्षे मिळतात म्हणून वीस वर्षे घ्यायची का? पहिल्या हप्त्याचे बघा. १५,६२१ मधले १२,७५० रुपये व्याजात जातात. मुद्दल फिटते २,८७१. जवळजवळ चौदा वर्षे हप्ते भरल्यावर कुठे अर्धे मुद्दल फिटते. वीस वर्षांत एकूण व्याज साडेएकोणीस लाख होते, म्हणजे कर्जाहून जास्त. तेच कर्ज पंधरा वर्षांचे केले तर हप्ता १७,७२५, आणि व्याज चौदा लाखांच्या आत. महिना एकवीसशे रुपये जास्त भरले की साडेपाच लाख वाचतात. एवढा हप्ता सुरुवातीला झेपत नसेल तर वीस वर्षांचेच घ्या, पण दरवर्षी बोनस मिळेल तेव्हा एक जादा हप्ता मुद्दलात भरा. तीन वर्षांहून अधिक काळ कमी होतो. बदलत्या दराच्या गृहकर्जावर अशी आगाऊ रक्कम भरली म्हणून बँकेला दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच तो बंद केला आहे.

दर बदलतो म्हणजे काय, तेही समजून घ्या. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो चार टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा झाला. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के! २०२५ मध्ये तो पुन्हा उतरला. दर चढताना पुष्कळांचा हप्ता तोच राहिला, म्हणून ते निर्धास्त होते. पण बँकेने हप्त्याऐवजी मुदत वाढवली होती, वीस वर्षांचे कर्ज पंचवीस-सव्वीस वर्षांवर गेले होते. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला दिली पाहिजे. म्हणून वर्षातून एकदा बँकेत जा, उतारा मागा, शेवटची तारीख बघा. झेपत असेल तर हप्ता वाढवून घ्या.

सगळे हप्ते मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. आपल्या उदाहरणात चाळीस हजार पगार असेल तर बसते. तेवढा नसेल तर बायको, कमावती बहीण, नोकरीतले वडील यांना सहकर्जदार घेता येते. पण ज्याचे पैसे, त्याचे नाव करारातही घाला. बहिणीच्या पगारावर कर्ज आणि घर एकट्या भावाचे, हा न्याय नव्हे.

पुष्कळ तरुण विचारतात, क्वार्टर अजून दहा वर्षे आहे, मग आत्ता घर घेऊन काय करू? आम्ही म्हणतो, तीच खरी संधी आहे. क्वार्टरमध्ये राहा, घर भाड्याने द्या. समजा सहा हजार भाडे आले. सोसायटीची वर्गणी आणि घरपट्टी वजा जाता साडेचार हजार उरले. हप्त्याचे अकरा हजार पगारातून जातात. वडील निवृत्त होतील तेव्हा निम्म्याच्या आसपास मुदत सरलेली असेल, आणि त्यांचा फंड शाबूत राहील. भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते बंधनकारक आहे. आणि भाडेकरू दारात उभा राहील तेव्हा त्याचे आडनाव विचारू नका. आपल्याला जे झोंबले ते आपल्या दारात दुसऱ्याला झोंबता कामा नये.

पण यातून दुसरी लालूच सुटते, तिच्यापासून सावध राहा. एक घर झाले, भाडे येते, मग भाड्यावर दुसरे घेऊ, तिसरे घेऊ, असे सांगणारे लोक आता खूप झाले आहेत. हॉटेलात चहा-नाश्ता देऊन सभा घेतात. हिशोब करा. सहा हजारांप्रमाणे वर्षाचे भाडे बहात्तर हजार. बावीस लाखांवर ते सव्वातीन टक्के झाले. कर्जाचे व्याज साडेआठ. म्हणजे भाडे कर्ज फेडत नाही, तुमचा पगारच फेडतो. घराची किंमत वाढली तर फायदा, नाही वाढली तर पगार अडकला. शिवाय नोकरी गेली तर अर्धे घर विकता येत नाही, आणि पूर्ण घर विकायलाही महिने लागतात. पहिले घर राहण्यासाठी घ्या. ते फिटत आल्यावर, मुलांचे शिक्षण सुरळीत असेल तरच दुसऱ्याचा विचार करा.

आता कागदपत्रे. इथे जो चुकला तो पंधरा वर्षे मागे गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. खोटी परवानगीपत्रे तयार करून त्या इमारतींनी महारेराची नोंदणीही मिळवली होती. आत राहणारी कुटुंबे आपल्यासारखीच होती, कित्येकांनी बँकेचे कर्ज काढून घर घेतले होते. घरावर हातोडा येणार म्हणून कर्ज काही माफ होत नाही. तेव्हा बँकेने कर्ज दिले म्हणजे घर कायदेशीर, आणि महारेराचा नंबर आहे म्हणजे सगळे ठीक, हे दोन्ही समज डोक्यातून काढून टाका.

काय बघायचे? जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका. महापालिकेचे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. यांचे नंबर घेऊन नगररचना विभागात स्वतः जा आणि हा कागद तुमच्याच कार्यालयाचा आहे का, असे लेखी विचारा. माहितीचा अधिकार आहे, तो वापरा. मागच्या विक्रीची इंडेक्स टू बघा. जुने घर असेल तर सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि जुने कर्ज फिटल्याचा दाखला बघा. नवीन इमारतीत नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हा २०१६ च्या रेरा कायद्याचा नियम आहे. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच विचारा. आणि शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून झोपडपट्टीतली खोली घेतली म्हणजे घर झाले, असे समजू नका. नोटरीचा शिक्का मालकी देत नाही. एखादा वकील दोन-चार हजार घेईल, ते बावीस लाखांपुढे काहीच नाहीत.

खिसा लहान असेल त्यांनी म्हाडाच्या सोडतीकडे लक्ष ठेवावे. अठरा पूर्ण झाले की अर्ज करता येतो, आणि अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी अकरा टक्के घरे राखीव असतात. जातीचा दाखला वेळेत काढा म्हणालो तो यासाठी. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये नऊ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबांना गृहकर्जाच्या व्याजावर अनुदानाची सोय आहे. जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार. अटी बँकेत नीट विचारून घ्या, एजंटला पैसे देऊ नका.

आता घरातल्या घरात बोलायच्या दोन-तीन गोष्टी.

पहिली, जामीन. मित्र म्हणतो, "नुसती सही कर रे, मी भरतो." जामीनदाराची सही म्हणजे कर्जदाराचीच सही. त्याने नाही भरले तर बँक तुमच्या पगाराकडे येते आणि तुमच्या सिबिलवरही ते कर्ज दिसते. मित्राला मदत करायची तर परवडेल तेवढी रक्कम हातावर ठेवा आणि विसरून जा. सही देऊ नका.

दुसरी, लग्न. चार वर्षांत जमवलेले साडेपाच लाख एका संध्याकाळच्या जेवणावळीत जातात. आपल्या धम्मात लग्नाचा विधी साधा आहे. याच विहारात, पंचशील घेऊन, पाहुण्यांना साधे जेवण देऊन लग्न होते. जे आईवडील मुलाला म्हणतील, "बाबा, मांडवाचे पैसे घराच्या मार्जिनमध्ये घाल," त्यांनी मुलाला खरा आहेर दिला.

तिसरी, विमा. कर्ज घेतले की तेवढ्या रकमेचा साधा मुदतीचा विमा काढा. कर्ता माणूस गेला तर विधवेवर हप्ता पडता कामा नये. बँक स्वतःचा विमा कर्जातच जोडून देऊ पाहते. तो घेण्याची सक्ती नाही. बाहेर चौकशी करा, तरुण वयात विमा स्वस्त पडतो.

आणि हप्ता अडलाच तर? नोकरी जाते, आजारपण येते. अशा वेळी बँकेपासून तोंड लपवू नका. पहिला हप्ता चुकायच्या आधी जा, अर्ज द्या, मुदत वाढवून मागा. नव्वद दिवस थकले की खाते बुडीत धरले जाते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते आणि घर ताब्यात घेण्याची कारवाई सुरू होते. नोटीस आली तर पेटीत ठेवू नका, तिला लेखी उत्तर द्या. आम्ही टेबलामागे बसून बघितले आहे, जो येऊन बसला त्याच्यासाठी काहीतरी मार्ग निघाला, जो लपला त्याच्या दारावर नोटीस चिकटली. म्हणूनच चौथा वाटा संकटासाठी. सहा हप्त्यांइतकी रक्कम वेगळी असल्याशिवाय कर्ज घेऊच नये.

शेवटचा हप्ता भराल तेव्हा घराचे मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजारांची भरपाई आहे. कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

तरुण मित्रांनो, प्रत्येकाला घर घेता येईलच असे नाही. कोणावर आजारी आईवडील आहेत, कोणाची नोकरी कंत्राटी आहे. ज्याला जमणार नाही त्याने स्वतःला कमी लेखू नये, आणि ज्याला जमले त्याने शेजाऱ्याला हिणवू नये. पण शिल्लक, शिक्षण आणि वेळेवर हप्ता, या तीन सवयी सगळ्यांना जमतात.

विहार समितीला आमची एक विनंती आहे. महिन्यातल्या एका रविवारी, वंदनेनंतर तासभर इथे कागदपत्रे बघायला बसू. समाजात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, वकील आहेत, नगरपालिकेत काम केलेले आहेत. ज्याला घर घ्यायचे आहे त्याने बयाणा देण्याआधी कागद घेऊन यावे. पैसे लागणार नाहीत. आम्ही येऊ.